पाकिटावरचा पांढरा चौकोन

चिवड्याच्या किंवा मसाल्याच्या रंगीत पाउचवर जवळपास सगळं आधीच छापून येतं. नाव, घटक, पत्ता, हिरवा ठिपका. कोरा राहतो तो काड्यापेटीएवढा एक पांढरा चौकोन. पॅकिंगच्या दिवशी त्यात बॅच नंबर, तारीख आणि छापील किंमत पडते. लहान पॅकिंग युनिटांची लेबलं बसवून देणं, तपासणं हे आमचं रोजचं काम. वजनमापेवाल्यांच्या पंचनाम्यात येणाऱ्या बहुतेक चुका आम्हाला या चौकोनातच सापडल्या आहेत. ज्यांच्या नावावर त्या लागतात, त्यांच्यातल्या फार थोड्यांना गिऱ्हाइकाला लुबाडायचं असतं. बाकीच्यांनी किंमत हे काम शेवटी ठेवलेलं असतं, आणि शेवटी वेळ उरलेला नसतो.

म्हणून आम्ही सुरुवात त्या चौकोनापासून करतो. एक पाकीट धरून चालू: 200 ग्रॅम पोह्यांचा चिवडा.

पहिला प्रश्न असतो की किंमत छापावीच लागते का. माल गिऱ्हाइकासमोर तोलून कागदात बांधून दिला तर लागत नाही. गिऱ्हाईक समोर नसताना, ठरावीक वजन भरून पाकीट बंद केलं की ती आवेष्टित वस्तू झाली, आणि 2009 चा वैध मापनशास्त्र कायदा व त्याखालचे 2011 चे आवेष्टित वस्तूंचे नियम तिला लागू झाले. किराणा दुकानदार इथेच फसतात. दुपारी गिऱ्हाईक नसतं तेव्हा पोऱ्याला बसवून साखरेच्या अर्ध्या किलोच्या पिशव्या बांधून ठेवतात. त्या क्षणी दुकानदार नुसता विक्रेता राहत नाही, पॅकर होतो. पिशवीवर नाव, पत्ता, वजन, महिना, किंमत सगळं आलं पाहिजे, आणि पॅकर म्हणून नोंदणीही. 10 ग्रॅम किंवा 10 मिलिलिटरपर्यंतच्या पुड्यांना सूट आहे (तंबाखूजन्य मालाला ती नाही). हॉटेलने बांधून दिलेल्या खाण्यालाही सूट आहे. 25 किलोच्या वरची पोती या किरकोळ पाकिटांच्या नियमात येत नाहीत. सिमेंट, खत आणि शेतमालासाठी ती रेघ 50 किलोवर आहे.

नोंदणी सोपी आहे, पण विसरली जाते. पॅकिंग सुरू केल्यापासून 90 दिवसांत वैध मापनशास्त्र विभागाकडे, म्हणजे वजनमापेवाल्यांकडे, अर्ज करायचा. नियमात शुल्क 500 रुपये दिलं आहे. अर्जात नाव, पूर्ण पत्ता आणि कोणकोणता माल पॅक करणार त्याची यादी लागते. सोबत पॅन, जागेचा पुरावा, जीएसटी असेल तर त्याचं प्रमाणपत्र आणि खाद्यपदार्थ असेल तर एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षेचा) परवाना तयार ठेवावा. अडतं ते पत्त्यावर. परवान्यावर घराचा पत्ता, अर्जात गाळ्याचा आणि पाउचवर तिसराच, कारण डिझाइन जुन्या फाइलवरून उचललेलं. तिन्ही कागद शेजारी ठेवून अक्षर अन् अक्षर जुळवल्याशिवाय आम्ही पाउच छापायला सोडत नाही. माल एकाने बनवला आणि दुसऱ्याने भरला असेल तर दोघांची नावं आणि पत्ते हवेत.

आता किंमत. ती सरकार ठरवून देतं असा समज अजून बऱ्याच जणांच्या डोक्यात असतो. काही औषधांसारखे मोजके अपवाद सोडले तर छापील किंमत बनवणारा किंवा भरणारा स्वतः ठरवतो. कायदा एवढंच सांगतो की ती सगळे कर धरून असली पाहिजे, पाकिटावर असली पाहिजे आणि त्याहून जास्त कोणी घेता कामा नये. 1990 पर्यंत ‘स्थानिक कर वेगळे’ असं छापून मोकळं होता येत असे. त्या तीन शब्दांच्या आडून दुकानागणिक दर बदलायचा.

आपल्या चिवड्याचा हिशोब असा. युनिटमधून माल निघतो 57 रुपये 50 पैशांना. वितरकाचे 8 टक्के धरले की 62.10. दुकानदाराचे 15 टक्के धरले की 71.42. त्यावर 5 टक्के जीएसटी धरला की 74.99, म्हणजे 75 रुपये. नवा माणूस हमखास एक चूक करतो. जीएसटी फक्त आपल्या विक्रीच्या दरावर, म्हणजे 57.50 वर काढतो आणि तेवढाच 71.42 मध्ये मिळवून थांबतो. छापील किमतीत जो कर बसायला हवा तो शेवटच्या विक्रीवरचा असतो. तो कमी धरला की फरक दुकानदाराच्या मार्जिनमधून जातो, दुकानदार कुरकुरतो आणि बिलात ‘एमआरपी अधिक जीएसटी’ लावायला बघतो. तो गुन्हा त्याचा, पण बी पेरलं आपण.

किमतीला लागूनच येते एककाची विक्री किंमत. 2021 च्या दुरुस्तीने ती आणली. त्याच दुरुस्तीने ठरावीक मालाला ठरावीक वजनाचीच पाकिटं हे जुनं परिशिष्ट गेलं. आता 180 ग्रॅम भरा नाहीतर 220 भरा, पण गिऱ्हाइकाला तुलना करता यावी म्हणून एककाचा दर लिहा. एक किलोच्या आतल्या पाकिटाला दर ग्रॅममागे, वरच्याला किलोमागे. पातळ माल असेल तर मिलिलिटर आणि लिटर. दोन दशांशांपर्यंत. 75 भागिले 200 म्हणजे 0.375, छापायचं ‘₹ 0.38 प्रति ग्रॅम’. बरोबर एक किलोचं पाकीट असेल तर दोन्ही आकडे एकच येतात, तिथे वेगळं लिहायची गरज नाही.

हा 0.38 पांढऱ्या चौकोनात टाकायचा, पाउचच्या कायम छपाईत कधीच नाही. आमच्याकडे येणाऱ्या नमुन्यांत सध्या सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच आहे: किंमत चौकोनात बदलत राहते आणि ग्रॅमचा दर मात्र पाउचवर छापलेला, दोन वर्षांपूर्वीचा. पाकीट स्वतःच स्वतःशी भांडतं.

चौकोन वेगळा ठेवायला नियमांची आडकाठी नाही. कायम छापलेली माहिती एका ठिकाणी आणि पॅकिंगच्या वेळी पडणारी माहिती दुसऱ्या ठिकाणी, अशी विभागणी चालते. कायम छपाईत ‘किंमत व तारखेसाठी खालचा चौकोन पाहा’ एवढं लिहितो. किंमत पाउचवर कायमची छापून घ्यायचा मोह होतो, दिसायला सुबक दिसते म्हणून. पण रोटो छपाईला प्रत्येक रंगाचा वेगळा सिलिंडर असतो आणि पाउचचा रोल किलोच्या हिशोबाने, एकदम ढीगभर घ्यावा लागतो. शेंगदाणा आणि तेल महागलं की तो सगळा ढीग रद्दी. आणि तेव्हा माणूस काय करतो? छापील 75 वर 80 चं स्टिकर चिकटवतो.

ते चालत नाही. सक्तीची माहिती स्टिकर लावून बदलता येत नाही. अपवाद एकच, किंमत कमी करायची असेल तर. तेव्हाही नवं स्टिकर जुनी किंमत झाकणार नाही असं लावायचं. सणाला 75 चं पाकीट 70 ला द्यायचं असेल तर 75 वाचता आलं पाहिजे आणि शेजारी 70. वाढीव किंमत फक्त नव्या मालावर, नव्या छपाईत. वितरकाच्या गोदामात पडलेला माल जुन्याच किमतीला जाणार, त्यावर हळहळून उपयोग नाही. वितरकाने किंवा दुकानदाराने किंमत खोडणं, पुसणं, बदलणं हेही नियमात स्वतंत्रपणे मना केलेलं आहे.

कर बदलला की काय होतं ते 22 सप्टेंबर 2025 ला सगळ्यांनी पाहिलं. पाकीटबंद नमकीन 12 टक्क्यांवरून 5 वर आलं. आपल्या चिवड्याचे 71.42 रुपये 12 टक्क्यांनी 79.99 होत होते, म्हणजे 80. ते 75 वर आले. त्या वेळी केंद्राने जुन्या साठ्यावर सुधारित किमतीचं स्टिकर किंवा शिक्का मारायची मुभा दिली होती, जुनी किंमत दिसत राहील या अटीवर. बहुतेकांनी 75 चे स्टिकर मारले आणि ग्रॅमचा दर 0.40 तसाच राहू दिला. दिवाळीच्या गडबडीत ते कोणाच्या लक्षात आलं नाही, आमच्याही काही गिऱ्हाइकांच्या नाही.

आता मजकूर. इंग्रजीत ‘एमआरपी’, रुपयाचं चिन्ह, आकडा आणि ‘सर्व करांसहित’ अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य, ही रूढ पद्धत. देवनागरीत हवं तर हिंदी: ‘अधिकतम खुदरा मूल्य ₹ 75 (सभी करों सहित)’. इथे मराठी उद्योजकाला हमखास धक्का बसतो. सक्तीची माहिती हिंदीत किंवा इंग्रजीत असावी असा नियम आहे. इतर भाषा सोबत चालतात, पण नुसत्या मराठीतलं ‘कमाल किरकोळ किंमत’ आणि ‘निव्वळ वजन’ पुरत नाही. बचत गटांची पूर्ण मराठी पाकिटं याच मुद्द्यावर अडकलेली आम्ही पाहिली आहेत. आम्हालाही हा नियम रुचत नाही, पण पाउच छापून झाल्यावर तो वाचण्यात शहाणपण नाही. आम्ही मराठी मोठ्या अक्षरात वर ठेवतो आणि खाली इंग्रजी.

वजनाचं चिन्ह हे आणखी एक नेहमीचं दुखणं. ग्रॅमसाठी इंग्रजी लिपीतलं लहान ‘जी’ हे एकच अक्षर. त्याला ‘एम’ जोडायचा नाही, अनेकवचनाचा ‘एस’ लावायचा नाही, पुढे टिंब द्यायचं नाही. एक किलोच्या आतलं वजन ग्रॅममध्येच लिहायचं, 0.5 किलो नाही. ‘सुमारे’, ‘किमान’ असले शब्द वजनाच्या आकड्याजवळ फिरकू द्यायचे नाहीत. आकड्याच्या वर आणि खाली त्याच्या उंचीएवढी, तर डावी-उजवीकडे उंचीच्या दुप्पट जागा मोकळी सोडायची. डिझाइन करणारी मुलं नेमकी तिथेच ‘कुरकुरीत!’ असा तारा काढून ठेवतात.

किंमत आणि वजनाचे आकडे मागच्या रंगावर उठून दिसले पाहिजेत. आकड्यांची उंची मालाच्या वजनानुसार वाढते. 200 ग्रॅमच्या पाकिटावर 2 मिलिमीटर आणि 500 ग्रॅमच्या पाकिटावर 4 मिलिमीटर याखाली आम्ही जात नाही. घोळ होतो तो असा: युनिटकडे एकच कोडर (तारीख-किंमत मारायचं यंत्र) असतो, त्यातले टाइप, म्हणजे आकड्यांचे सुटे ठसे, अडीच मिलिमीटरचे. 200 ग्रॅमवर ते छान बसतात. मग मालक 500 ग्रॅमचं पाकीट काढतो आणि तेच टाइप तिथेही मारतो. माप छापलेली पट्टी लावून पाहिल्याशिवाय हे डोळ्यांना कळत नाही. निरीक्षकाकडे पट्टी असते.

आता प्रत्यक्ष चौकोनापाशी. लहान युनिटात किंमत टाकायच्या तीन पद्धती दिसतात. हाताने मारायचा रबरी शिक्का, पाकिटाचं तोंड बंद करणाऱ्या बँड सीलरला जोडलेला घन शाईच्या रोलचा कोडर आणि हातात धरायचा इंकजेट. रबरी शिक्का सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दगाबाज. स्टेशनरीच्या दुकानातल्या पॅडची शाई पाण्याची असते. ती कागदात मुरते, पाउचच्या फिल्मवर नुसती बसून राहते. दुकानात पाकिटं एकमेकांवर घासली, त्यात चिवड्याच्या तेलाचा हात लागला, की 75 चा निळा डाग होतो. पुसलेली किंमत आणि न छापलेली किंमत यांत तपासणीच्या वेळी फार फरक करत नाहीत. शिक्काच वापरायचा असेल तर प्लास्टिकवर चालणारी, झटकन वाळणारी सॉल्व्हंटची शाई घ्यावी आणि पांढऱ्या चौकोनावर वार्निश चढवू नये, असं छपाईवाल्याला लेखी कळवावं. तोंडी सांगितलेलं तिथे पोचत नाही.

घन शाईच्या कोडरला आधी तापू द्यावं लागतं. सकाळची पहिली वीस-पंचवीस पाकिटं घाईने सोडली की त्यांवर आकडे फिके, अर्धे, कधी नुसता ठसा. टाइप उलटे जुळवायचे असतात, त्यामुळे 6 आणि 9 ची अदलाबदल ठरलेली. दशांशाचं टिंब हा सगळ्यात बारीक तुकडा, तो खाचेतून निसटतो आणि 0.38 चा 0 38 होतो. आम्ही टिंबाचे सुटे टाइप डबीत दोन जास्तीचे ठेवायला लावतो. इंकजेटमध्ये टाइपची कटकट नाही, पण त्याच्या मेमरीत कालचा मजकूर असतो आणि चालू केल्यावर तो निमूटपणे कालचीच किंमत, कालचीच तारीख मारत सुटतो.

छपाई टिकते का ते पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. पाकीट सीलरमधून बाहेर पडलं की अर्धा मिनिट थांबायचं आणि अंगठ्याने जोर लावून दहा वेळा घासायचं. मग बोटाला तेल लावून तेच. मग चौकोनावर चिकटपट्टी दाबून बसवायची आणि झटक्यात ओढायची. पट्टीवर 75 उलटा उमटला तर शाई बदलायची, माल पुढे जाऊ द्यायचा नाही.

वजनाबद्दल थोडक्यात, कारण तो वेगळा विषय आहे. इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी आणि मुद्रांकन दर वर्षी करून घ्यायचं. रिकामं पाउच काट्यावर ठेवून शून्य करायचं, नाहीतर पाउचचे चार-पाच ग्रॅम गिऱ्हाइकाच्या चिवड्यातून जातात. 200 ग्रॅमच्या एखाद्या पाकिटात 9 ग्रॅमपर्यंत आणि 500 च्या पाकिटात 15 ग्रॅमपर्यंत तूट कायदा सहन करतो. पण सगळ्या नमुन्यांची सरासरी छापील वजनाच्या खाली जाता कामा नये. दर पाकिटात 5 ग्रॅम कमी भरू, मर्यादेतच आहे, हा हिशोब तिथेच कोसळतो.

तक्रारीसाठी नाव, पत्ता, फोन आणि ई-मेल पाकिटावर लागतो. डिझाइनच्या नमुन्यात भरलेले 98765 पासून सुरू होणारे खोटे आकडे तसेच छापून आलेले पाउच आम्ही दोनदा पाहिले आहेत.

दिवाळीचा बॉक्स केला, आत चार पाकिटं, तर बाहेरच्या खोक्यावर एकत्रित किंमत आणि आतल्या सुट्या विकता येण्याजोग्या पाकिटांवर त्यांची त्यांची. ऑनलाइन विकायचं असेल तर महिना-वर्ष सोडून हीच माहिती विक्रीच्या पानावरही दिसली पाहिजे. पाकिटाचा फोटो टाकून भागत नाही, मोबाइलवर तो वाचता येत नाही. एकसारख्या मालावर दुकानासाठी एक आणि मॉलसाठी दुसरी अशा दोन किमती छापायची पळवाट 2017 च्या दुरुस्तीने बंद केली. हॉटेलात बसून पाण्याची बाटली छापील किमतीहून महाग का, हे मात्र आम्हाला सारखं विचारलं जातं. 12 डिसेंबर 2017 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की हॉटेल नुसती बाटली विकत नाही, सेवाही देतं, त्यामुळे तिथे हा कायदा लागत नाही. कोपऱ्यावरच्या दुकानदाराने ‘कूलिंगचे पाच रुपये’ मागणं त्या निकालात बसत नाही. तिथे बिल मागून घ्यावं, पाकिटाचा किंवा बाटलीचा फोटो काढावा आणि 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर किंवा वैध मापनशास्त्र विभागाच्या जिल्हा कार्यालयात तक्रार द्यावी. बिल नसेल तर तक्रार लंगडी पडते.

तपासणी झालीच तर निरीक्षक पाकिटं जप्त करून पंचनामा करतो. किंमत नसलेलं पाकीट दुकानात सापडलं तर विकणाराही अडकतो, नुसता बनवणारा नाही. म्हणून शहाणा दुकानदार खोकं उघडल्यावर पाच पाकिटं उलटी करून पाहतो. 2009 च्या कायद्याच्या कलम 36 मध्ये लेबलच्या चुकीला पहिल्या वेळी 25 हजारांपर्यंत, दुसऱ्या वेळी 50 हजारांपर्यंत दंड दिला आहे. पुढच्या वेळी आकडा लाखापर्यंत जातो आणि तुरुंगाचीही तरतूद आहे. पहिला गुन्हा प्रशमन शुल्क भरून मिटवता येतो. बरेच जण तो भरून विसरतात. तीन वर्षांच्या आत तीच चूक पुन्हा झाली तर मिटवायची सोय राहत नाही, म्हणून शुल्काच्या पावतीवर आम्ही लाल पेनने तीन वर्षांनंतरची तारीख लिहून ती कोडरच्या वर भिंतीला लावतो.

रोजच्या कामात आम्ही एवढं करून घेतो. प्रत्येक बॅचचं कोडर तापल्यानंतरचं पहिलं पाकीट बाजूला काढायचं. किंमत, ग्रॅमचा दर, महिना आणि बॅच मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने ते नोंदवहीत लिहायचं. जो टाइप जुळवतो त्याने वाचायचं नाही, त्याला स्वतःची चूक दिसत नाही. मग ते पाकीट तारीख टाकून डब्यात. मालाची मुदत संपेपर्यंत तो डबा टाकायचा नाही.

आणि चुकीची किंमत पडलेली पाकिटं निघालीच, तर थिनरच्या बोळ्याने आकडा पुसून वर नवा मारायचा नाही. फिल्मवर राखाडी ढग राहतो, त्यावरून खाडाखोड लगेच ओळखू येते, आणि थिनरचा वास पाउचच्या आत जातो तो वेगळाच. पाउच कापायचं, चिवडा परातीत ओतून त्याच दिवशी नव्या पाउचमध्ये भरायचा आणि कापलेल्या पाउचचे चौकोनातून आडवे दोन तुकडे करायचे.